झरोका उघडला, तरी हवा येईल का?

जानेवारी 2019 मध्ये डेट्रॉइटच्या वाहनप्रदर्शनात टोयोटाची नवी जीआर सुप्रा पडद्याबाहेर आली. जवळजवळ दोन तपांपूर्वीच्या सुप्रावर जीव टाकणारे लोक तिची वाटच पाहत होते. गाडी देखणी होती, वेगवान होती आणि तिच्या अंगावर जागोजागी झरोके होते: बॉनेटच्या दोन्ही कडांना, दारांच्या मागच्या भागावर, मागच्या बंपरच्या कोपऱ्यांत. जवळ जाऊन बोट घातलं की बोट काळ्या प्लॅस्टिकला अडायचं. यांतले बरेच झरोके बंद होते.

त्यावरून टीका झाली आणि टोयोटाकडून उत्तरही आलं. मुख्य अभियंता तेत्सुया ताडा यांचं म्हणणं असं, की शर्यतीसाठी गाडी तयार करणाऱ्यांचा विचार करून या जागा ठेवल्या आहेत. झाकण काढून त्या वापरात आणता येतील. चाहत्यांना हे ऐकून बरं वाटलं. झाकण काढायचं, हवा आत जाईल, इंजिन आणि ब्रेक थंड राहतील, शोभेची वस्तू कामाची होईल.

इतकं सोपं ते नाही. काही ठिकाणी हे खरोखर जमतं, बऱ्याच ठिकाणी जमत नाही, आणि काही ठिकाणी झरोका उघडल्यावर गाडी आधीपेक्षा जास्त तापते. असं का होतं हे समजून घेण्यासारखं आहे, कारण त्यातून गाडीभोवतीची न दिसणारी हवा दिसू लागते.

दाबाचा हिशेब

भोक पाडलं म्हणजे हवेला वाट मिळाली असं होत नाही. भोकाच्या अलीकडे आणि पलीकडे दाबात फरक असेल तरच हवा त्यातून वाहते आणि ती जास्त दाबाकडून कमी दाबाकडे जाते. भोकाचं तोंड पुढे आहे की मागे, यापेक्षा ते कुठल्या जागी आहे याला जास्त महत्त्व आहे.

धावत्या गाडीच्या नाकावर हवा येऊन थबकते, तिथे दाब सर्वांत जास्त. ताशी 100 किलोमीटर वेगाला हा जादा दाब सुमारे 460 पास्कल भरतो. वातावरणाचा दाब 1,01,325 पास्कल असतो, म्हणजे हा जादा दाब त्याच्या अर्ध्या टक्क्याहूनही कमी. वेग दुप्पट केला की दाब चौपट होतो. ताशी 200 ला तो 1,850 पास्कलच्या आसपास जातो, तरीही वातावरणाच्या दाबाच्या दोन टक्क्यांच्या आतच राहतो.

बॉनेटवरचं स्कूप इंजिनात हवा कोंबतं आणि ताकद वाढवतं, ही समजूत या आकड्यांपुढे टिकत नाही. नुसत्या वेगाने इंजिनाला मिळणारी जादा हवा रस्त्यावरच्या वेगात नगण्य असते. स्कूपचा खरा फायदा वेगळाच आहे. बॉनेटखालची हवा 60 अंशांची असेल आणि बाहेरची 30 अंशांची, तर बाहेरची हवा सुमारे 10 टक्के जास्त घन असते. तापलेल्या हवेऐवजी बाहेरची थंड हवा इंजिनापर्यंत पोचली, तर नाकावरच्या दाबातून मिळालं असतं त्याच्या कितीतरी पट हाती लागतं. पण त्यासाठी स्कूपपासून एअर फिल्टरपर्यंत किंवा इंटरकूलरपर्यंत (टर्बोने दाबून तापलेली हवा थंड करणाऱ्या जाळीपर्यंत) बंदिस्त नळ हवा. सुबारू डब्ल्यूआरएक्सच्या बॉनेटवरचं प्रसिद्ध स्कूप याच कारणाने खरं आहे. त्याच्या बरोबर खाली इंटरकूलर बसवलेला असतो आणि बॉनेट मिटल्यावर मधली फट बंद होते, त्यामुळे आत आलेल्या हवेला इंटरकूलरच्या पात्यांमधूनच जावं लागतं. भारतात 2009 मध्ये आलेल्या पहिल्या फॉर्च्युनरच्या 3.0 लिटर डिझेल इंजिनावरही हीच मांडणी होती. महाराष्ट्रातल्या रस्त्यांवर त्या बॉनेटचा उंचवटा अनेकांनी रुबाबाची खूण म्हणून पाहिला असेल. तो कामाचा होता.

कुठे दाब, कुठे ओढ

नाकावर थबकलेली हवा बॉनेटच्या पुढच्या कडेवरून वर चढते तेव्हा तिचा वेग वाढतो आणि तिथला दाब आजूबाजूपेक्षा कमी होतो. बॉनेटच्या पुढच्या भागात म्हणूनच बाहेरच्या दिशेने ओढ असते. हवा पुढे सरकते आणि समोरची काच जवळ आली की पुन्हा अडते, म्हणून काचेच्या पायथ्याशी दाब वाढतो. काच चढून छपराच्या पुढच्या कडेवर येताना ती पुन्हा वेग घेते, तिथे जोरदार ओढ. चाकांच्या कमानींच्या आत मात्र फिरत्या चाकाने ढवळलेली हवा कोंडून राहते आणि गाडीला वर उचलू पाहते. गाडीच्या मागे हवेचा प्रवाह सुटतो, तिथे दाब कमी.

काचेच्या पायथ्याचा हा दाब आपण रोज वापरतो. केबिनमध्ये ताजी हवा घेणारी जाळी जवळजवळ प्रत्येक गाडीत वायपरच्या खाली, अगदी तिथेच असते. झाडाखाली लावलेल्या गाडीची पानं जिथे साचतात, तीच ती जागा. अमेरिकी कंपन्यांनी याच दाबाचा इंजिनासाठीही उपयोग केला. 1970 च्या शेव्हरोले शेव्हेल एसएसमध्ये बॉनेटच्या फुगवट्याचं तोंड काचेकडे, म्हणजे मागे वळलेलं मिळायचं. चालकाने ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला की झडप उघडायची आणि मागे तोंड असलेल्या त्या वाटेने हवा आत शिरायची. ते तोंड पाहून कुणालाही वाटेल की इथून हवा बाहेर पडते. प्रत्यक्षात उलटं घडत होतं, कारण दाब तसा सांगत होता.

हौशी बदलांत नेमकी इथेच चूक होते. इंजिनाची गरम हवा बाहेर जावी म्हणून काचेजवळ बॉनेट कापलं जातं. उभ्या गाडीत तिथून वाफा वर येताना दिसतात, समाधान वाटतं. गाडीने वेग घेतला की तोच झरोका बाहेरची हवा आत ढकलू लागतो. गरम हवा बाहेर काढायची असेल, तर झरोका बॉनेटच्या पुढच्या भागात, रेडिएटरच्या मागे, ओढ असलेल्या जागी हवा.

याहून मोठा धोका रेडिएटरचा आहे. पुढे दाब जास्त आणि मागे, इंजिनाच्या खोलीत, कमी असेल तरच रेडिएटरमधून हवा जाते. हौसेने आणखी एक झरोका उघडून इंजिनाच्या खोलीत थेट हवा सोडली, तर त्या खोलीतला दाब वाढतो. रेडिएटरच्या पुढचा आणि मागचा फरक घटतो, त्यातून जाणारी हवा कमी होते. अंगावर वाऱ्याचं एक तोंड वाढलं आणि कूलंटचा काटा वर चढला, असं होऊ शकतं ते याच कारणाने.

खोट्याचं खरं झालेली उदाहरणं

खोट्या झरोक्यांची परंपरा जुनी आहे. 1949 च्या ब्युकच्या बाजूंवर गोल खिडक्यांची रांग आली. इंजिनाची खोली हवेशीर करण्याचं निमित्त होतं, पण लवकरच त्या केवळ शोभेच्या उरल्या आणि ब्युकची ओळख म्हणून पुढेही बराच काळ टिकल्या. 1964 मध्ये आलेल्या फोर्ड मस्टँगच्या अंगावर, मागच्या चाकाच्या पुढे, हवा घेणाऱ्या तोंडासारखी खाच होती. ती बंद होती. कॅरोल शेल्बी यांच्या 1966 च्या जीटी350 मध्ये त्याच जागी खरं स्कूप बसवून मागच्या ब्रेककडे हवा नेली गेली. शोभेच्या जागेला काम देता येतं याचं हे उदाहरण. पण तिथे स्कूपच्या मागे वाट काढावी लागली आणि ती वाट कुठे जाणार हे आधी ठरवावं लागलं.

ब्रेकला हवा का लागते, हे साध्या गणितात कळतं. दीड टनाची गाडी ताशी 100 किलोमीटरवरून थांबवताना सुमारे पाच लाख 80 हजार जूल ऊर्जा उष्णतेत बदलते. दोन लिटर पाणी 30 अंशांपासून उकळीला आणायला एवढीच उष्णता लागते, आणि ती जवळजवळ सगळी चार डिस्कमध्ये काही सेकंदांत उतरते. ताशी 200 वरून थांबलं तर चौपट. ट्रॅकवर दर वळणाला हे घडतं. पुढच्या डिस्क या कामाचा मोठा वाटा उचलतात, म्हणून पुढच्या बंपरच्या कोपऱ्यांतला खोटा झरोका उघडणं हा सगळ्यांत किफायतशीर बदल ठरू शकतो.

तोही नीट केला तरच. पोकळ डिस्कच्या दोन चकत्यांमध्ये पाती असतात आणि डिस्क फिरताना हवा मध्यातून घेऊन कडेने बाहेर फेकते. त्यामुळे कोपऱ्यातून आणलेला नळ डिस्कच्या मध्यभागी, आतल्या बाजूने सोडावा लागतो. हवा नुसती चाकाच्या कमानीत सोडली, तर ती डिस्कच्या आत पोचतच नाही. कमानीतला दाब मात्र वाढतो आणि गाडीचं नाक हलकं होतं. नळाला स्टिअरिंगबरोबर वळायला जागा हवी, सस्पेन्शनबरोबर वरखाली व्हायला हवं, टायरला घासता कामा नये. बाहेरून दिसणारं तोंड हा या कामाचा सर्वांत सोपा भाग आहे.

2022 ची पोर्शे 911 जीटी3 आरएस पाहिली की झरोक्याची खरी किंमत कळते. आधीच्या गाडीत पुढे तीन रेडिएटर होते. इथे शर्यतीच्या गाडीवरून घेतलेल्या कल्पनेने मध्यभागी एकच मोठा तिरका रेडिएटर बसवला. तो बसला सामानाच्या जागेत. गरम झालेली हवा पुढच्या झाकणावरच्या दोन मोठ्या नाकपुड्यांमधून, ओढ असलेल्या जागी, बाहेर पडते. आता ती गरम हवा छपरावरून मागे जाऊन इंजिनाच्या तोंडात शिरण्याची भीती होती, म्हणून छपरावर पाती लावून ती दोन्ही बाजूंना वळवली. पुढच्या चाकांच्या कमानींवर पट्ट्यापट्ट्यांची तोंडं ठेवली, कोंडलेली हवा सुटावी म्हणून. दोन नाकपुड्यांसाठी सामानाची जागा गेली, रेडिएटरची मांडणी बदलली, छप्पर बदललं. याच गाडीच्या मागच्या बाजूंवरची मोठी तोंडं मात्र इंजिनाला श्वास देण्यासाठी नाहीत. ती हवेचा प्रवाह सुधारण्यासाठी आहेत, असं कंपनीच सांगते. एखाद्या तोंडातून इंजिनाला हवा जात नाही, म्हणून ते निकामी ठरत नाही.

होंडाचा अनुभवही बोलका आहे. 2017 ची सिव्हिक टाइप आर बंपरच्या कोपऱ्यांतल्या बंद काळ्या जाळ्यांसाठी बदनाम झाली. 2020 मध्ये गाडीचं थंड राहणं सुधारायची वेळ आली, तेव्हा कंपनीने थेट रेडिएटरसमोरचं मुख्य तोंड 13 टक्क्यांनी वाढवलं आणि रेडिएटरही सुधारला. ट्रॅकवर कूलंटचं तापमान 10 अंश सेल्सिअसपर्यंत उतरू शकतं, असं तिने सांगितलं. पण तोंड मोठं झालं तसा गाडीला पुढे खाली दाबून धरणारा हवेचा जोर थोडा घटला, आणि तो भरून काढायला बंपरखालची पट्टी खोल करावी लागली. स्वतःचा पवनबोगदा आणि शेकडो अभियंते असलेल्या कंपनीलाही एक तोंड वाढवताना दुसरीकडे दुरुस्ती करावी लागते. घरच्या गॅरेजमध्ये करवत उचलणाऱ्याने हे ध्यानात ठेवावं.

कुठला झरोका उघडावा

आता सुप्रासारख्या गाडीवरच्या झरोक्यांकडे एकेक करून पाहू. बॉनेटच्या कडांचे झरोके आशादायक आहेत. त्यांच्या खाली इंजिनाची खोली आहे, जागा बरीचशी ओढीची आहे आणि गरम हवेला वर जायची वाट मिळू शकते. अट एवढीच, की बॉनेटच्या आतल्या सांगाड्याच्या पट्ट्या कापायच्या नाहीत. त्या पट्ट्यांवर बॉनेटची ताकद अवलंबून असते, आणि पादचारी आदळला तर बॉनेटने किती दबायचं हेही त्या ठरवतात.

पुढच्या बंपरच्या कोपऱ्यांतली तोंडं ब्रेकसाठी उपयोगी, किंवा चाकाच्या बाहेरून हवेचा पातळ पडदा सोडण्यासाठी. बीएमडब्ल्यूने 2011 च्या 1 सिरीज एम कूपेपासून वापरलेली ही युक्ती आज साध्या गाड्यांतही आली आहे. उभ्या चिरेतून आलेली हवा फिरत्या चाकाच्या बाहेरून वाहते आणि चाकामुळे होणारी खळबळ कमी करते. तिथे कापण्याआधी मागे रडार, पार्किंगचे सेन्सर, बंपरचा धातूचा तुळवट आणि फोम कुठे आहे हे पाहायलाच हवं.

मागच्या बंपरच्या कोपऱ्यांतून हवा बाहेर काढता येते. गाडीखालून आलेली हवा बंपरच्या पोकळीत अडकते आणि बंपर तिला ओढत नेतो; मागे दाब कमी असल्याने वाट मिळाली की ती निघून जाते. शर्यतीत मागचे बंपर कापलेले दिसतात ते याच कारणाने. रस्त्यावरच्या वेगात मात्र त्याचा फायदा जाणवण्याइतका नसतो.

दारावरचा झरोका विसरावा. दाराच्या पत्र्याच्या आत काच खाली उतरते, काचेची यंत्रणा असते, आणि बाजूने धडक बसली तर माणसाला वाचवणारी पोलादी दांडी असते. तिथे हवेला द्यायला वाटही नाही आणि पोचवायला ठिकाणही नाही. तिथलं प्लॅस्टिक तसंच राहू द्यावं.

आधी मोजा, मग कापा

उघडण्याआधी एक प्रश्न विचारावा: गाडीत नेमकं काय तापतंय? कूलंट, इंजिन ऑइल, इंजिनात जाणारी हवा, ब्रेक, की काहीच नाही? रस्त्यावरची ठीकठाक गाडी बहुधा काहीच तापवत नसते. आणि खरोखर कूलंट तापत असेल, तर नव्या तोंडाआधी रेडिएटरभोवतीच्या फटी पाहाव्यात. समोरून आलेली बरीच हवा रेडिएटरमधून न जाता कडेच्या फटीतून निसटत असते. फोमची पट्टी आणि प्लॅस्टिकचे तुकडे लावून त्या फटी बुजवल्या, की पत्र्याला हात न लावता मोठा फरक पडू शकतो.

तरीही झरोका उघडायचाच असेल, तर हवा कुठून कुठे जाते हे स्वतः पाहता येतं. लोकरीचे बोटभर तुकडे चिकटपट्टीने बॉनेटवर रांगेत लावायचे आणि मोकळ्या, सुरक्षित रस्त्यावर शेजारून जाणाऱ्या गाडीतून दुसऱ्याने त्यांचं चित्रण करायचं. हवा चिकटून वाहते तिथे लोकर सरळ मागे पडते, आणि प्रवाह सुटतो तिथे ती गरगरते, उलटी वळते. दाब मोजायला पारदर्शक नळी इंग्रजी यू आकारात वाकवून तिच्यात रंगीत पाणी भरायचं. एक टोक पातळ नळीने झरोक्याच्या बाहेरच्या जागी पत्र्याला समतल बसवायचं, दुसरं त्या झरोक्याच्या आतल्या जागी. चालक गाडी चालवतो, शेजारचा पाणी पाहतो. ताशी 100 ला नाकावरचा पूर्ण दाब पाणी सुमारे 47 मिलिमीटर उचलतो. बाहेर आणि आत यांच्यातला फरक दोन-तीन मिलिमीटरच दिसला, तर तो झरोका उघडूनही फारसं काही हाती लागणार नाही. 20-30 मिलिमीटर दिसला, तर तिथे काम आहे, आणि पाणी कुठल्या बाजूला चढलं यावरून हवा आत येईल की बाहेर जाईल हेही कळतं. काही रुपयांची नळी इथे मोठमोठ्या अंदाजांचा निकाल लावते.

मग येतो पाऊस. उघड्या बॉनेटमधून कोकणातल्या किंवा घाटातल्या पावसाचं पाणी सरळ अल्टरनेटरवर, वायरिंगवर, एअर फिल्टरवर पडतं. झरोक्याखाली पाणी बाजूला नेणारी पन्हळ आणि खडे अडवणारी जाळी हवी, आणि जाळी म्हटली की हवेला पुन्हा थोडा अडसर. भारतात कायदाही लक्षात घ्यावा लागतो. मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 52 नुसार निर्मात्याने ठरवलेल्या मूळ तपशिलांशी विसंगत बदल करायला मनाई आहे, आणि 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हा नियम कडकपणे लावला. ट्रॅकवरची गाडी आणि रोजच्या रस्त्यावरची गाडी यांत इथे मोठं अंतर आहे.

शोभेला विरोध नाही

कंपन्या खोटे झरोके का ठेवतात, याचं उत्तरही हवेतच सापडतं. गाडीत शिरलेली हवा बाहेर पडेपर्यंत गाडीला मागे खेचते. हवेच्या एकूण विरोधात थंड ठेवण्याच्या या हवेचा वाटा ढोबळमानाने 5 ते 10 टक्के असतो, म्हणून गरजेपेक्षा एक चौरस सेंटिमीटरही जास्त तोंड अभियंत्याला नको असतं. दुसरीकडे सुरक्षेच्या नियमांमुळे बंपर उंच आणि जाड झाले आहेत. तो भलामोठा रंगीत पृष्ठभाग नुसता ठेवला तर गाडी बोजड दिसते, म्हणून काळ्या आकारांनी तो तोडला जातो. एकाच सांगाड्यावर साधी आणि जोरकस अशा दोन आवृत्त्या निघतात. जोरकस आवृत्तीत जे तोंड उघडं असतं, तेच साध्या आवृत्तीत बंद येतं. ही कारणं खरी आहेत आणि त्यांत लबाडी नाही.

तरीही मला वाटतं, यंत्राच्या अंगावर जे दिसतं त्याने काहीतरी काम करावं. गाडीचं सौंदर्य तिच्या कामातून आलं की ते जास्त काळ टिकतं. होंडाने 2022 च्या टाइप आरमध्ये नेमकं तेच केलं. कोपऱ्यांतला भपका उतरवला आणि बॉनेटवर रेडिएटरची गरम हवा बाहेर सोडणारा खरा झरोका दिला. गाडी शांत दिसू लागली आणि टीकाकारांनाही आवडली. खोटा झरोका उघडण्याची हौस असणाऱ्यांनीही हाच मार्ग धरावा: आधी उष्णता कुठे आहे ते शोधावं, मग दाब मोजावा, मग हवेला आत यायची आणि बाहेर जायची अशी दोन्ही टोकं द्यावीत, आणि उघडल्यानंतर पुन्हा मोजावं. फरक पडला नाही, तर झाकण परत बसवायला लाजू नये.